डावी पेटी

रतिलालला झटका बसला तेव्हा दुपारचे चार वाजले होते, आणि त्याला पहिला राग आला तो झटक्याचा नव्हे, मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेचा. झटका तसा जीवघेणा नव्हता. आवाज कमीजास्त करायच्या बटणाची टोपी गेल्या आठवड्यात निखळली होती, ती खिडकीत धूळ खात पडली होती, आणि खालच्या उघड्या पितळी दांडीला उजव्या हाताची चिमूट लागली तशी बोटांतून कोपरापर्यंत काहीतरी सळसळत गेलं. त्याने हात मागे ओढला, झटकला आणि काखेत दाबून धरला. तबकडी फिरतच राहिली. उजव्या पेटीतून आगगाडी निघाली, खोलीच्या मधून धडधडत गेली आणि डाव्या पेटीत जाऊन नाहीशी झाली. सुरतेच्या दुकानदाराने मशीनबरोबर फुकट दिलेली ही तबकडी. हिच्यात गाणं एकही नव्हतं, नुसते आवाज होते: आगगाडी, कुठल्याशा देवळाची घंटा, टेबलावर इकडून तिकडे टप्पे घेणारा चेंडू. एवढ्या उठाठेवी करून घरात आणलं काय, तर चेंडू. त्याने डाव्या हाताने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि खडूच्या तीन खुणांच्या मधोमध ठेवलेल्या खुर्चीत तो जाऊन बसला. घर एकदम गप्प झालं. या घरात आता गप्प व्हायला तरी दुसरं होतं कोण.

सदुसष्ट सालच्या त्या उन्हाळ्यात शहाद्यात असं दोन पेट्यांचं स्टिरिओ मशीन दुसरं नव्हतं, आणि असतं तरी त्याच्यापुढे खडूने त्रिकोण आखून खुर्ची ठेवणारा माणूस दुसरा सापडला नसता. रतिलालचं सगळंच असं मापात. पुस्तिका इंग्रजीत, चोवीस पानांची. ती त्याने शब्दकोश मांडीवर घेऊन दोनदा वाचली होती. ओल्या हाताने मशीनला शिवू नये, तर हा हात पुसून, वर पंच्याने कोरडे करून मग जवळ जायचा. मागची भोकं झाकू नयेत, आतल्या काचेच्या नळ्या तापतात. बायकोने, वत्सलाने, पहिल्याच दिवशी क्रोशाचं पांढरं झाकण घातलं, ते त्याने काढलं. दुसऱ्या दिवशी ते परत मशीनवर, तेही त्याने काढलं, आणि असं सहा दिवस चाललं. पेट्यांच्या तारा पायात येऊ नयेत म्हणून त्याने त्या भिंतीच्या कडेकडेने खिळवल्या होत्या. तीन पायांचा प्लग, स्वतंत्र फ्यूज, आणि मशीनच्या लोखंडी सांगाड्यापासून जमिनीत गाडलेली अर्थिंगची तार. ती गाडायला खास वायरमन जालमसिंग आला होता. म्हणजे यंत्राच्या अंगात कुठे वीज भरकटलीच तर तिने त्या तारेने मुकाट मातीत जावं, माणसाच्या हातात येऊ नये. सगळं जिथल्या तिथे होतं. तरी आली हातात.

आणि नेमकी त्याच हातात. या हातावर रतिलालचं पोट होतं. कापसाची सरकी काढायच्या जिनात बैलगाड्या लागल्या की ढिगातून चिमूटभर रुई उपसायची, दोन अंगठ्यांमध्ये धरून ओढायची, जुळवायची, पुन्हा ओढायची, आणि धागा किती लांब ते पट्टी न लावता सांगायचं. शेतकरी तोंडाकडे बघत उभे राहायचे आणि हा बोटांकडे. बोटांनी सांगितलं ते खरं. सकाळपासून सांजेपर्यंत जिनाचे रूळ कानाशी घरघरत असायचे. तेवीस हंगामांत त्या घरघरीने त्याचं डोकं पिंजून काढलं होतं. म्हणून तर त्याला हा स्वच्छ आवाज हवा होता. सुरतेच्या त्या दुकानात तो मधोमध बसला आणि डोळे मिटले, तर समोर भिंतच नाही. एक वाद्य इथे, एक तिथे, गाणारी बाई बरोबर मध्ये, हात पुढे केला तर लागेल अशी. त्याला भरून आलं होतं. त्याच क्षणी त्याने ठरवलं की हे तिला ऐकवायचं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, तिला तर नाहीच. नंदुरबारपर्यंत रेल्वेने आणि तिथून मालमोटारीने ते धूड आणताना, प्रकाशा गावापाशी नदी ओलांडताना, दोन्ही पेट्यांवर एकेक हात ठेवून तो सारखा हाच विचार करत होता: ती खुर्चीत बसेल, आणि तिचं तोंड कसं होईल.

तिचं तोंड काहीच झालं नाही. ती पदर सावरून खुर्चीच्या कडेवर टेकली, मान किंचित डावीकडे वळवून. "दोन पेट्या कसाले?" तिने विचारलं. "गानं तर एकच शे ना?" रतिलाल तिथेच थोडा तडकला. पण त्याने शांतपणे ती आवाजांची तबकडी लावली, घंटा वाजवली आणि विचारलं, घंटा कुठून आली? तिने उजवीकडे बोट दाखवलं. घंटा डाव्या पेटीत होती. पुन्हा लावली. पुन्हा उजवीकडे. दुसऱ्या दिवशी त्याने तारा उलटसुलट केल्या, बोट उजवीकडे. मग पेट्याच इकडच्या तिकडे केल्या, बोट उजवीकडे. उजव्या भिंतीशी लाकडी कपाट होतं, त्यावरून आवाज परतत असेल म्हणून शेजारचे दोघं बोलावून कपाट हलवलं. त्या भिंतीवर गोधडी टांगली. जालमसिंगकडून डाव्या पेटीची पाठ उघडून घेतली. सुरतेला दोन पत्रं धाडली, दुसरं जरा कडकच. रोज संध्याकाळी भांडी घासून झाली की ती हात पुसत यायची, खुर्चीत बसायची, तो विचारायचा, ती बोट दाखवायची. आवाजाचं दुसरं बटण पिळून त्याने सगळा आवाज डाव्या पेटीतच कोंडला, तरीही तिचं बोट सावकाश उठलं आणि जिकडे जायचं तिकडेच गेलं. नुसता वैताग. ही मुद्दाम करते, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तशी ती आधीपासूनच मनमौजी. हाक मारावी तर कधी ऐकेल, कधी नाही. नावाने हाक मारायची त्यांच्यात रीत नव्हती, तो म्हणायचा, "आयकस का?" आणि तिची ओ कधी यायची, कधी यायचीच नाही. चौदा वर्षं तो जिनातल्या लोकांना हसत सांगत आला होता की आमच्या घरात एकाच्या मर्जीवर हाक पोचते.

अकराव्या दिवशी तो ओरडला, "नीट आयक ना!" तशी ती उठली. रागाने नव्हे. दूध उतू गेलं हे सांगावं तशा आवाजात म्हणाली, "पेटी चांगली शे. मन्हा डावा कान बंद शे."

"कव्हयपासून?"

"तुम्ही वातीसाठे मारं व्हतं ना, तव्हयपासून."

आणि रतिलाल काय बोलला? आज खुर्चीत बसून, हात अजून काखेत असताना, त्याला ते वाक्य जसंच्या तसं आठवलं आणि पुन्हा झटका बसावा तसं झालं. तो म्हणाला होता, "मंग तव्हयच कसाले नई सांगं?" म्हणजे चूक कोणाची, तर तिची. ती तशीच आत गेली. दुसऱ्या दिवशी ब्राह्मणपुरीच्या गाडीत बसून आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेली. दरसाल जायची, तिसऱ्या दिवशी परत यायची. यंदा आखाजी होऊन एकोणीस दिवस झाले होते. कोणी विचारलं तर रतिलाल सांगायचा, भाऊ सोडत नाही. भाऊ कशाला धरून ठेवेल? पण सांगायचा. तो आणायला गेला नाही, कारण गेलं की काहीतरी बोलावं लागणार, आणि तोंड उघडलं की आपल्या तोंडून पुन्हा तसंच काही बाहेर पडेल याची त्याला धास्ती होती.

हात काखेत. हे त्याने पूर्वी कधीतरी केलं होतं, असंच, याच हाताने. त्रेपन्न साल. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या परीक्षेला धुळ्याला जायचं होतं, आणि रुईच्या नमुन्यांच्या अकरा पुड्या त्याने खिडकीत ओळीने मांडून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर नंबर. चार महिने लागले होते त्या जमवायला. संध्याकाळी जिनातून आला तर सात नंबरची पुडी उघडी आणि रिकामी. वत्सला उंबऱ्याशी बसून गुडघ्यावर वाती वळत होती. ताटलीभर वळून झाल्या होत्या. तिला त्या अकरांतली सात नंबरचीच का सापडली? कारण तीच सगळ्यांत चांगली होती, बोटांना कळतं. तिच्याही बोटांना कळलं. याच्या कानात रूळ घरघरत होते, आणि हात कधी उठला ते त्याला समजलंच नाही. समोरच्याच्या डाव्या कानावर बसतो, उजव्या हाताने मारलं की. एवढा साधा हिशोब, आणि हा अकरा दिवस पेटीची पाठ उघडून बघत होता. तिने ताटली बाजूला सरकवली, उठली, भाकरी टाकायला गेली. याच्या तळहाताला मुंग्या आल्या होत्या. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि हात काखेत दाबून धरला. पुढे परीक्षा पास झाला. सात नंबरचा नमुना नव्हता तरी झाला. तिने पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून ती चालताना, बसताना, जेवायला वाढताना नेहमी त्याला आपल्या उजव्या अंगाला घेऊ लागली. त्याला वाटायचं, बायकांची काही रीत असेल.

जालमसिंग आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रतिलालने निरोपच असा धाडला होता की माणूस मरता मरता वाचला. जालमसिंगने आधी खिडकीतली टोपी फुंकून दांडीवर बसवली आणि म्हणाला, हिच्याशिवाय हात लावायचा नाही. मग बल्बला दोन तारा जोडलेला आपला होल्डर काढला, एक तार भिंतीतल्या विजेला आणि दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब लख्ख पेटायला हवा होता. आतली तार नुसती लाल झाली, विझत्या विडीएवढी.

"भाऊ, मशीनमा थोडी वीज झिरपस, ते चालनारच," जालमसिंग म्हणाला. "खरी खोड आठे शे. तुमनी अर्थिंग सुकी गयी."

"तूच तार धड गाडेल नई व्हई!" रतिलाल उसळला. इतक्या दिवसांत उसळायला हक्काचं माणूस आजच मिळालं होतं.

जालमसिंग रागावला नाही. त्याला मागच्या बाजूला घेऊन गेला, जिथे मोरीचं पाणी भिंतीतून बाहेर पडायचं. अळूची पानं वाळून चुरा झाली होती. काळी माती तडकली होती, भेगेत आख्खं बोट जाईल एवढी. जालमसिंगने पकडीने माती उकरली, कोळशाचे काळे तुकडे दाखवले. "मी कोळसा टाका व्हता, मीठ टाकं व्हतं, समदं टाकं व्हतं. पन मातीले ओल पाहिजे. मोरीनं पानी रोज आठे पडस म्हनीसन तर मी हाई जागा धरी. भाभी भांडा घासेत, राखनं पानी मुरे. त्याना सारखी चांगली अर्थिंग नई." तो उकिडवा बसूनच मान वर करून बघत राहिला. "कितला दिन व्हयनात पानी बंद शे? भाभी घर नई शेत का?"

"आखाजीले गयी शे."

"आखाजी तर कव्हयनी व्हई गयी," जालमसिंग म्हणाला आणि पकड खिशात घालून उठला. दोन घागरी आता ओता, मीठ घालून, आणि मग रोज एकेक, तोवर मशीनला शिवू नका, एवढं सांगून तो गेला.

तो गेल्यावर रतिलालने घागरी भरल्या. एकोणीस दिवस तो स्टँडजवळच्या खानावळीत जेवत होता, जिनाच्या हौदावर आंघोळ करत होता. या घरात पाण्याचा थेंब सांडायचं कारणच उरलं नव्हतं. पहिली घागर मातीने अशी पिऊन टाकली की ओतली की नाही अशी शंका यावी. दुसरी ओतताना त्याला तिच्या मनगटांचा आवाज आठवला, राखेचा खरखर आवाज, पातेल्याला बांगड्या लागल्याचा आवाज. तो आवाज रोज होत होता आणि याने कधी ऐकला नव्हता. तो पुढच्या खोलीत घंटा डावीकडून येते की उजवीकडून हे ठरवत होता. ती पाठीमागे बसून घासत होती आणि तिचं मळकं पाणी त्याच्या हाताला झटका बसू नये म्हणून जमिनीत मुरत होतं, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याचाही त्याला राग आला. पाणी कोणासाठी मुरत नसतं. ते उतार मिळेल तिकडे जातं. पण मग ती रोज खुर्चीत येऊन का बसायची? कान गेलेला आहे हे पहिल्या घंटेलाच सांगता आलं असतं तिला. अकरा दिवस! घागर हातात धरून तो उभा राहिला, आणि त्याला वाटलं की चौदा वर्षांत या घरात कोणी तिला पहिल्यांदाच विचारत होतं, तुला काय ऐकू येतं म्हणून. कदाचित तिला तेवढंच हवं होतं. कदाचित नसेलही. हे विचारायला ती इथे नव्हती. रतिलालला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, निदान एक काम संपलं असतं. त्याने घागर पालथी घातली आणि सकाळच्या गाडीची वेळ आठवून पाहिली.

ब्राह्मणपुरीला तो पोचला तेव्हा मेव्हणा सुकलाल केळीत गेला होता. अंगणात निंबाखाली खाटेवर वत्सला एकटीच बसून सुक्या मिरच्यांची देठं खुडत होती. तिने बघितलं, पदर डोक्यावर ओढला, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून दिला आणि पुन्हा येऊन बसली. खाटेवर तिच्या उजव्या अंगाला मिरच्यांची टोपली होती. डावी बाजू रिकामी होती. रतिलाल तिथे बसला.

गाडीत त्याने वाक्यं जुळवली होती. त्याने तांब्यातून दोन घोट घेतले, आणि जुळवलेलं सगळं एकदम सुटलं. मोरी सुकली, झटका बसला, हे आधी सांगून टाकलं, कारण ते सोपं होतं. मग जमिनीकडे बघत, तिच्याकडे न बघता, त्याने उरलेलं सांगितलं: मी मारलं, कापसाच्या एका पुडीसाठी मारलं, आणि त्या दिवशी तू सांगितलंस तेव्हाही मी तुझ्यावरच ढकललं. मन्ही चूक शे, असं तो दोनदा म्हणाला. आयुष्यात हे शब्द त्याच्या तोंडून पूर्वी कधी निघाल्याचं त्याला आठवत नव्हतं. अंग हलकं झालं. तिचा हात थांबला नव्हता. देठ खुडायचं, मिरची टोपलीत टाकायची, देठ खुडायचं. मग तिला ठसका लागला, तिने तोंड वळवलं आणि त्याच्या ओठांकडे बघत विचारलं, "काही म्हनत व्हतात का?"

क्षणभर, खोटं कशाला सांगावं, रतिलालला सुटल्यासारखं वाटलं. बोलून झालं होतं, आणि कोणी ऐकलंही नव्हतं. "काही नई" म्हटलं की संपलं. दुपारची गाडी होती. आणि पाठोपाठ असा संताप आला की त्या खाटेलाच लाथ मारावी: एवढं ओढून काढलं ते वाया गेलं, आता तेच परत, पहिल्यापासून, आणि या वेळी ते ऐकलं जाणार होतं. तो उठला. खाटेला वळसा घालून पलीकडे गेला. मिरच्यांची टोपली उचलून खाली ठेवली आणि तिच्या उजव्या अंगाला बसला. जुळवलेल्या वाक्यांतलं आता एकही शिल्लक नव्हतं.

"वातीसाठे मी तुले मारं व्हतं," तो म्हणाला. "तुन्हा कान मी घालाडा. मन्ही चूक शे."

तिचे हात थांबले. वर निंबाची पिकली निंबोळी टपकन खाटेच्या पायाशी पडली. तिने एक मिरची उचलली, तशीच धरून ठेवली.

"हां," ती म्हणाली.

एक कोंबडी टोपलीपर्यंत येऊन बघून गेली. मग ती म्हणाली, "त्या वाती मातर चांगल्या व्हयन्या व्हत्यात. दिवाळीलोंग पुरन्यात. धूर बी नई निघना."

"लांब धागा व्हता," रतिलाल म्हणाला. "सात नंबर."

मग त्याने मोरीचं आणि झटक्याचं पुन्हा सांगितलं. अळू वाळलं, माती तडकली, जालमसिंग काय म्हणाला. "तुमले बी लागना का," असं म्हणून ती हसली. मोठ्याने नव्हे, नाकातल्या नाकात. ते हसणं तिला कुठून ऐकू आलं असेल, असा वेडा विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्याने विचारलं, "घर चालस ना?" तिने उत्तर द्यायला दोन मिरच्यांचा वेळ घेतला. "आते तुम्ही पानी वती ऱ्हायनात ना मोरीवर? आखो आठ दिन वता," ती म्हणाली. "मंग मी ईसू."

आठ दिवस. तो मनातून चिडला, आणि चिडण्याचा आपल्याला काडीचा हक्क नाही हेही त्याला त्याच क्षणी कळलं, त्यामुळे ती चीड तशीच गिळावी लागली. टोपी घातली, तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायला आणि उठला. अंगणाच्या कडेला पोचला तशी मागून हाक आली. नाव नव्हतंच, रीतीप्रमाणे.

"आयकलं का?"

तो वळला. ती मिरच्यांकडेच बघत होती.

"ती डावी पेटी बी उजवीकडेच ठेवा, दुसरीना पुढे," ती म्हणाली. "ती आगगाडी येस, आनी खोलीना मझारच हारपी जास. मले ती पुरी आयकनी शे."